वायफायचा पासवर्ड बदलला, तरी एकही फोन बाहेर पडला नाही!

तारांबळ | शनिवार, रात्री ९.१२

मंडळी मदत पाहिजे. आमच्या घरचं नेट गेले पंधरा दिवस नुसतं रांगतंय, व्हिडिओ कॉल लावला की समोरच्याचा आवाज पुढे जातो आणि तोंड मागे राहतं. म्हणून आज राउटरच्या पानावर जाऊन बघितलं तर कनेक्टेड डिव्हाइस १७! घरात माणसं चार. मी बोटं मोडून मोजलं तर कशीबशी ९ पर्यंत पोचले, मग बाकीची आठ कोणाची? त्यातली चार तर नाव-गाव काही नाही, नुसती 'अननोन' म्हणून बसलीयेत. वरच्या मजल्यावरच्या मुलाने मागे एकदा "काकू जरा पासवर्ड द्या ना, माझं नेट गेलंय" म्हणून घेतला होता, माझा पक्का संशय त्याच्यावर.

तर पासवर्ड बदलायला घेतला. राउटर उलटा केला, खाली स्टिकरवर दोन पासवर्ड. एक लांबलचक, एक छोटा. त्या पानावर शिरताना छोटा मागतं, मग तोच बदलला. सेव्ह झाला, हिरवी टिकमार्क पण आली, आणि सगळे १७ जण जागच्या जागी! कोणीच हललं नाही. मी नक्की काय बदललं?

खटपट्या | शनिवार, रात्री ९.३१

ताई तुम्ही बदललात तो राउटरमध्ये शिरायचा, म्हणजे ॲडमिनचा पासवर्ड. वायफायला जोडायचा तो वेगळा. वायफायचा म्हणजे घरात यायची किल्ली आणि ॲडमिनचा म्हणजे घराची कुलपंच बदलायचा अधिकार. नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो, तुम्ही एकट्या नाही.

आणि खरं सांगू, उलट्या क्रमाने का होईना पण तुम्ही महत्त्वाचं काम आधी केलंत. लोक वायफायचा पासवर्ड हौसेने बदलतात आणि ॲडमिनचा कंपनीने दिलेला 'ॲडमिन ॲडमिन' वर्षानुवर्षं तसाच. २०१६ मध्ये मिराई म्हणून मालवेअर, म्हणजे यंत्रात घुसून बसणारा उपद्रवी प्रोग्राम आला होता, त्याने काही मोठी विद्या लावली नव्हती, इंटरनेटवर उघडे पडलेले कॅमेरे आणि राउटर हुडकायचे आणि कारखान्यातून आलेल्या साठेक यूजरनेम-पासवर्डच्या जोड्या एकामागून एक लावून बघायच्या, बस. एवढ्यावर लाखो यंत्रं त्याची गुलाम झाली, आणि त्या ऑक्टोबरात त्यांच्याच जोरावर वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या डाइन नावाच्या कंपनीवर हल्ला होऊन ट्विटर, नेटफ्लिक्स वगैरे काही तास आडवे झाले होते.

आता वायफायचा. परत त्याच पानावर जा (ॲडमिनचा नवीन पासवर्ड कुठेतरी लिहिलाय ना? आधी लिहा). 'वायरलेस' किंवा 'डब्ल्यूलॅन' असा भाग असेल, त्यात 'सिक्युरिटी'. तिथे पासफ्रेज, प्री-शेअर्ड की, नेटवर्क की, नुसतंच पासवर्ड, प्रत्येक कंपनीने आपापलं बारसं केलंय, पण वस्तू एकच. तो बदला आणि सेव्ह करा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगळी असतील तर दोन्हीकडे बदला, नाहीतर पुढचं दार बंद करून मागचं उघडं. सेव्ह दाबल्या दाबल्या तुम्ही स्वतःच बाहेर फेकल्या जाल, ते बरोबरच आहे, घाबरून परत परत दाबत बसू नका. जमलं तर लॅपटॉप वायरीने राउटरला लावून करा म्हणजे मधेच लटकायला होत नाही.

नुसतीवाचक | शनिवार, रात्री ९.४४

इतकी वर्षं फक्त वाचत होते, आज पहिला प्रतिसाद. ते 'पान' म्हणजे कुठलं? मी सगळीकडे वाचून १९२.१६८.१.१ टाकलं तर काहीच उघडत नाही, नुसतं गोल गोल फिरतं.

बारीकसारीक | शनिवार, रात्री ९.५८

स्वागत. सगळ्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ नसतो. काहींचा १९२.१६८.०.१, काहींचा १०.०.०.१. १९९६ साली खाजगी नेटवर्कसाठी तीन पट्टे राखून ठेवले गेले, १० ने सुरू होणारा, १७२.१६ ते १७२.३१ वाला, आणि १९२.१६८ वाला. राउटर बनवणारे त्यातला मनाला येईल तो उचलतात. त्यामुळे अंदाजाने टाकत बसण्यापेक्षा फोनलाच विचारा. ॲन्ड्रॉइडमध्ये जोडलेल्या वायफायवर टिचकी मारून तपशिलात गेलं की 'गेटवे' दिसतो, आयफोनमध्ये नावासमोरच्या 'आय'च्या चिन्हात 'राउटर' म्हणून लिहिलेलं असतं. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाका, 'डिफॉल्ट गेटवे' समोरचा आकडा तोच.

दोन गोष्टींत हमखास फसायला होतं. एक, फोनचा मोबाईल डेटा चालू राहतो आणि फोन वायफाय सोडून तिकडून शोधायला जातो, तो बंद करा. दुसरी, आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका. आमच्या तीर्थरूपांनी मराठी कीबोर्डवरून टाकले आणि गूगलने आणून दिलेले निकाल अर्धा तास भक्तिभावाने वाचत बसले होते.

आणि हो, पान उघडताना ब्राउझर कधीकधी 'ही साइट सुरक्षित नाही' म्हणून लाल अक्षरांत ओरडतो. आपल्याच घरातल्या राउटरपाशी जायचं असेल आणि पत्ता गेटवेवरून खात्री करून घेतलेला असेल तर पुढे जायला हरकत नाही.

नुसतीवाचक | शनिवार, रात्री १०.०३

उघडलं!! डेटाच चालू होता. धन्यवाद हो.

शेंडीवाला उंदीर | शनिवार, रात्री १०.२०

एवढं कशाला, मागे बारीक भोक असतं त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरायची, सगळं कोरं करकरीत. मी तसंच करतो नेहमी.

खटपट्या | शनिवार, रात्री १०.२६

उंदीरभाऊ, कृपा करून हा सल्ला देऊ नका. @तारांबळ, टाचणी खाली ठेवा.

रीसेटने नुसता पासवर्ड जात नाही, सगळंच जातं. नेट देणाऱ्या कंपनीने बसवताना जे यूजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये भरलेलं असतं, पीपीपीओई म्हणतात ते, तेही पुसलं जाऊ शकतं. मग वायफायचं नाव झकास दिसतं, फोन जोडला जातो, आणि नेट शून्य. मी हे केलंय म्हणून सांगतोय. सुट्टीचा दिवस, कस्टमर केअरला पाऊण तास गाणं ऐकलं, शेवटी उचलणाऱ्याने विचारलं "सर, रीसेट कोणी करायला सांगितलं?" आता काय सांगणार, स्वतःच्याच अक्कलहुशारीने. रीसेट हा शेवटचा उपाय, ॲडमिनचा पासवर्ड खरोखरच हरवला असेल तरच, आणि तोही ते यूजरनेम हाताशी असेल तेव्हा. नुसतं बंद-चालू करणं वेगळं, ते खुशाल करा, त्याने काही पुसत नाही.

शेंडीवाला उंदीर | शनिवार, रात्री १०.२९

आमच्याकडे फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा, राउटरमध्ये कंपनीचं काहीच भरलेलं नसतं बहुतेक, त्यामुळे कधी त्रास झाला नसेल. सल्ला मागे.

तारांबळ | शनिवार, रात्री ११.०५

बदलला! दोन्हीकडचा. सगळे १७ च्या १७ गेले, काय समाधान वाटलं म्हणून सांगू. माझा फोन जोडला, मुलाचा जोडला आणि कॉल लावून बघितला तर एकदम लोण्यासारखा. म्हणजे माझा संशय खरा होता, फुकट्यांनीच खाल्लं होतं नेट.

पण लॅपटॉप जोडला जात नाही. नवीन पासवर्ड विचारतच नाही, 'कॅन्ट कनेक्ट' म्हणून तोंड फिरवतो. यांचा फोन पण तसाच.

नुसतीवाचक | शनिवार, रात्री ११.०९

माझंही सेम झालं आत्ता, 'फरगेट' केलं आणि परत जोडलं तर विचारला.

खटपट्या | शनिवार, रात्री ११.१५

+१. नाव तेच आहे म्हणून बिचारी यंत्रं जुनाच पासवर्ड लावत बसतात. त्या नावावर जाऊन 'फरगेट' करायचं, मग नवीन म्हणून जोडायचं. वायफायचं नावही बदललं असतंत तर ते नवीन नाव निवडल्यावर पासवर्ड विचारला असता.

अवांतर: हाच स्वभाव उलटा वापरता येतो. नवीन राउटर आणलात की त्याला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, घरातली बहुतेक सगळी यंत्रं गुपचूप जोडली जातात, एकाही ठिकाणी हात लावावा लागत नाही. पण आत्ता तुम्हाला लोकांना हाकलायचंय म्हणून ते इथे नको. आणि घरात रेंज वाढवायला रिपीटर लावला असेल तर त्यालाही नवीन पासवर्ड द्यावा लागेल, त्याला विसरलात की मागच्या खोलीत बोंब.

आजोबा_ऑनलाईन | रविवार, सकाळी ६.१०

चर्चा वाचली. मी दर महिन्याच्या एक तारखेला वायफायचा पासवर्ड बदलतो आणि वहीत तारखेसकट लिहितो. गेली सहा वर्षे हा नेम चुकलेला नाही. शिस्त असली की असले प्रश्न उद्भवत नाहीत.

घुबड | रविवार, सकाळी ६.१४

काका आणि घरचे काही म्हणत नाहीत?

आजोबा_ऑनलाईन | रविवार, सकाळी ६.२०

सौ. मोबाईल डेटाच वापरते.

घुबड | रविवार, सकाळी ६.२१

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). झोपायला निघालो होतो, आता झोप उडाली.

बारीकसारीक | रविवार, सकाळी ८.४०

काका, वहीत लिहिता ते उत्तम, चोर काही वही वाचायला येत नाही. पण दर महिन्याला बदलण्याचा नियम आता तज्ज्ञांनीच मोडीत काढलाय. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ च्या नियमावलीत स्पष्ट सांगितलं की उगाच ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा काही पुरावा असेल तेव्हा बदलायला लावा. आधीचे २००३ चे नियम ज्यांनी लिहिले त्या बिल बर यांनीही २०१७ मध्ये बोलून दाखवलं की आपण लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. ते नियम वेबसाइटवरच्या लॉगिनसाठी होते हे खरं, पण कारण इथेही तेच. वारंवार बदलायला लागला की माणूस पासवर्ड सोपा सोपा करत जातो, शेवटी तोच शब्द आणि पुढे महिन्याचा आकडा.

आजोबा_ऑनलाईन | रविवार, सकाळी ८.५२

महिन्याचा आकडा तुम्हाला कसा कळला?

बारीकसारीक | रविवार, सकाळी ९.०५

काका, सगळे तेच करतात हो. :)

बदलायची खरी कारणं मोजकीच. पासवर्ड भलत्याच्या हातात गेला, कामाला येणाऱ्या कोणाला दिला होता आणि आता तो येत नाही, घर बदललं आणि राउटर आधीच्या भाडेकरूचाच आहे, किंवा कंपनीने छापून दिलेला पासवर्डच अजून चालू आहे आणि स्टिकरचा फोटो कुठल्यातरी ग्रूपवर फिरलाय. एवढं सोडून एकदाच नीट, भक्कम ठेवा आणि विसरा.

घुबड | रविवार, सकाळी ९.३०

भक्कम म्हणजे किती? माझा मोबाईल नंबर आहे. दहा आकडी आहे की चांगला.

खटपट्या | रविवार, सकाळी १०.१२

बसा, गणित करू.

डब्ल्यूपीए२ म्हणजे वायफायच्या सुरक्षेची नेहमीची पद्धत, त्यात पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असतो. त्यावर राउटर आणि फोन ४०९६ फेऱ्यांचं गणित करतात, त्यात वायफायचं नावही मिसळतात आणि २५६ बिटची किल्ली तयार होते. आता तुमचा फोन राउटरला जोडला जाताना जी चार पत्रांची देवाणघेवाण होते ती बाहेर बसलेला माणूस हवेतून टिपू शकतो. टिपली की त्याला तुमच्या दाराशी उभं राहायची गरज नाही, घरी जाऊन निवांत एकेक पासवर्ड लावून बघायचा. राउटरला पत्ताही लागत नाही, 'तीनदा चुकलं, कुलूप' असला प्रकार तिथे नाही.

एका चांगल्या गेमिंग ग्राफिक्स कार्डाने सेकंदाला दहा लाख पासवर्ड तपासले असं धरू. दहा आकडी नंबर म्हणजे एकूण १००० कोटी शक्यता, भागा, १०,००० सेकंद. तीन तासांच्या आत काम तमाम, आणि मोबाईल नंबर कुठल्याही आकड्याने सुरू होत नाहीत म्हणून त्याहून कमीच. जन्मतारीख तर विचारू नका, शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा मिळून साधारण ३६,५०० भरतात, डोळ्याची पापणी लवायच्या आत.

त्यापेक्षा एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या. १९९५ मध्ये आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी डाइसवेअर म्हणून युक्ती काढली, पाच फासे टाकायचे, जो आकडा येईल तो यादीत बघायचा आणि समोरचा शब्द घ्यायचा. यादीत ७७७६ शब्द, म्हणजे सहाचा पाचवा घात. असे चार शब्द घेतले तर वरच्याच वेगाने सगळ्या शक्यता संपवायला शंभर वर्षांहून जास्त लागतात, पाच घेतले तर बोलायलाच नको. आणि लक्षात राहतो, फोनवर कोणाला सांगताही येतो. फक्त शब्द स्वतःच्या मनाने निवडू नका, मन फार आळशी असतं, ते मुलीचं नाव आणि गाडीचा नंबरच आणून देतं.

शेंडीवाला उंदीर | रविवार, सकाळी १०.३०

मराठीतच ठेवायचा ना मग पासवर्ड, देवनागरीत. कुठल्या हॅकरच्या यादीत 'ठसठशीत' असणारे?

बारीकसारीक | रविवार, सकाळी ११.०२

कल्पना झकास पण चालत नाही. या पासफ्रेजमध्ये फक्त आस्की, म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि कीबोर्डवरची नेहमीची चिन्हंच धरतात. मराठी शब्द रोमन लिपीत मात्र बिनधास्त ठेवा, आणि स्पेलिंग तुमच्या मनाचं, तेवढाच जास्तीचा अडसर.

वायफायचं *नाव* मात्र देवनागरीत ठेवता येतं. त्याला मर्यादा ३२ बाइटची आहे, अक्षरांची नाही, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजून. म्हणजे एकूण दहा चिन्हं. मी हौसेने मोठं नाव ठेवायला गेलो तर शेवटची वेलांटी कापली गेली आणि अर्थाचा अनर्थ झाला, कुठलं नाव ते विचारू नका.

घुबड | रविवार, सकाळी ११.०४

कुठलं नाव?

तारांबळ | रविवार, दुपारी १२.४०

चर्चा भारी चाललीय पण माझं ऐका. रात्री नवीन पासवर्ड ठेवला तो पाच शब्दांचा नाही, पण बरा आहे, २३ अक्षरी. एकेक यंत्र जोडत बसलेय आणि आत्ता यादीत बघते तर १४ दिसतायत. पासवर्ड अजून घराबाहेर गेलेला नाही! चारच्या पुढे कोणाला सांगितलेला नाही! आणि परत दोन 'अननोन' बसलेत. वरच्याने हॅक केलं की काय एका रात्रीत? सकाळी जिन्यात दिसला तेव्हा मी जरा खडूसपणेच बघितलं त्याच्याकडे.

बारीकसारीक | रविवार, दुपारी १.१५

थांबा, त्याला फाशी द्यायच्या आधी एक बघा. त्या 'अननोन' लोकांचा मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा स्वतःचा पत्ता, यादीत असेल, दोन दोन अक्षरांच्या सहा जोड्या. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर काय आहे? २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता बनवलेला आहे, कारखान्यातून आलेला नाही.

तारांबळ | रविवार, दुपारी १.२१

एकाचं ए, एकाचं ६. म्हणजे हॅकरच ना?

बारीकसारीक | रविवार, दुपारी १.३३

म्हणजे बहुतेक तुमचेच फोन. ॲन्ड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, फोन प्रत्येक वायफायला आपला खरा पत्ता न सांगता एक खोटा तयार करून देतात, दुकानं-विमानतळांवर कोणी तुमचा माग काढू नये म्हणून. राउटरला त्या पत्त्यावरून कंपनी ओळखता येत नाही, मग तो लिहितो 'अननोन'. शिवाय 'फरगेट' करून परत जोडलं की कधीकधी नवाच पत्ता तयार होतो आणि एकच फोन यादीत दोनदा दिसतो, जुनी नोंद जायला कित्येक राउटरमध्ये दिवसभर लागतो. तुमच्या मूळ १७ मध्ये अशी किती भुतं होती कोण जाणे.

खात्री करायची तर सोपं आहे, एकेका फोनचं वायफाय बंद करा आणि यादीतून कोण जातं ते बघा.

(मॅक फिल्टर लावा, म्हणजे ठरावीक पत्त्यांनाच आत घ्या म्हणून सांगणारे आता येतीलच, त्यांनाही हेच उत्तर. बदलत्या पत्त्यांवर पहारा बसवून काय मिळणार? आणि खरा चोर चालू असलेला पत्ता बघून तोच लावतो. वायफायचं नाव लपवण्याचंही तेच, उलट आपलाच फोन जाईल तिथे त्या नावाने हाका मारत फिरतो.)

तारांबळ | रविवार, दुपारी ३.५०

केलं. एक यांचा ऑफिसचा फोन, एक माझाच. माझाच!! आणि मग वहीत नीट यादी केली. फोन चार नाहीत, सहा आहेत, ऑफिसचे धरून. लॅपटॉप ३, टीव्ही, टीव्हीला लावलेली काडी वेगळी, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा, दोन स्मार्ट प्लग, मुलाचं घड्याळ. ही झाली १६. म्हणजे १७ मध्ये परकं असं जेमतेम एक, आणि तेही भूतच असणार. पण मग नेट कोण खात होतं? काल रात्रीपासून कॉल एकदम मस्त चालतायत हे तर खरंय ना?

दुसरा प्रश्न, स्मार्ट प्लग काही केल्या जोडले जात नाहीयेत.

खटपट्या | रविवार, दुपारी ४.२५

नेटचं नंतर बघू. प्लगला फक्त २.४ कळतं, ५ त्याला दिसतच नाही. जोडताना फोन ५ वर असेल तर कधीकधी दोघांची गाठ पडत नाही. फोन २.४ वर आणा आणि मग ॲपमधून पहिल्यापासून जोडा. दुसरं, तुम्ही सिक्युरिटीत काय निवडलंय?

तारांबळ | रविवार, दुपारी ४.३१

डब्ल्यूपीए३. सगळ्यात शेवटचं होतं, म्हटलं शेवटचं म्हणजे चांगलं.

खटपट्या | रविवार, दुपारी ४.४८

चांगलंच आहे, पण जुन्या यंत्रांना झेपत नाही, तुमचे प्लग आणि बहुतेक प्रिंटरसुद्धा त्यामुळेच अडलेत. 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा जोड पर्याय असतो तो घ्या.

थोडक्यात इतिहास, कारण यादीत पाच-सहा नावं बघून सगळेच गांगरतात. डब्ल्यूईपी १९९७ चं, २००१ मध्येच त्याची पार चाळण झाली, आता ते दिसलं तरी हात लावू नका. नुसतं डब्ल्यूपीए २००३ चं, तात्पुरती मलमपट्टी होती. डब्ल्यूपीए२ २००४ पासून, त्यात 'टीकेआयपी' आणि 'एईएस' (माहिती गुप्त करायच्या दोन पद्धती) असं विचारलं तर एईएस, टीकेआयपी घेतलं तर वेगही खाली येतो. डब्ल्यूपीए३ २०१८ चं. त्यातली मोठी सोय म्हणजे मी वर सांगितलं ते हवेतून टिपून घरी जाऊन पासवर्ड लावत बसणं त्यात चालत नाही, प्रत्येक प्रयत्न राउटरसमोर येऊनच करावा लागतो. जोड पर्यायात जुनी यंत्रं डब्ल्यूपीए२ नेच येतात म्हणून पासवर्ड भक्कम हवाच.

आणि आत आहातच तर डब्ल्यूपीएसचा (पासवर्ड न टाकता पिनने किंवा बटणाने जोडायची सोय) पिन बंद करून टाका. आठ आकडी पिन ऐकायला दणकट वाटतो, पण शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, आणि राउटर पहिले चार आणि पुढचे तीन वेगवेगळे तपासून चूक-बरोबर सांगतो. म्हणजे दहा हजार अधिक एक हजार, ११,००० प्रयत्नांत काम फत्ते. स्टेफान फीबॉक यांनी २०११ च्या डिसेंबरात हे उघड केलं. तुमचा पासवर्ड ६३ अक्षरी असला तरी पिनवाल्या खिडकीतून आत.

शेंडीवाला उंदीर | रविवार, दुपारी ५.०२

बटण दाबून जोडायचं तेही बंद करायचं का? फार सोयीचं असतं हो ते.

खटपट्या | रविवार, दुपारी ५.०६

बटणवालं दोन मिनिटांपुरतंच दार उघडतं, पिनवाल्याइतकं वाईट नाही. मी स्वतः दोन्ही बंद ठेवतो, पण तो माझा स्वभाव.

नुसतीवाचक | रविवार, संध्याकाळी ६.३०

पाहुणे आले की पासवर्ड मागतात, नाही कसं म्हणायचं? आणि मग तो त्यांच्या फोनवरून त्यांच्या पोरांकडे, तिथून आणखी कोणाकडे.

बारीकसारीक | रविवार, संध्याकाळी ६.४१

गेस्ट नेटवर्क. बहुतेक राउटरमध्ये असतंच, नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि पाहुण्यांना नेट मिळतं पण तुमचा प्रिंटर, कॅमेरा दिसत नाही. मी तर प्लग आणि कॅमेरे पण तिकडेच टाकलेत, त्यांच्यावर माझा पाहुण्यांपेक्षा कमी विश्वास. पासवर्ड तोंडी सांगूच नका, ॲन्ड्रॉइड १० पासून वायफायच्या तपशिलात 'शेअर' दाबलं की क्यूआर येतो, तो छापून भिंतीला लावा. फक्त एवढं कळू द्या की त्या चौकोनात पासवर्ड उघडाच लिहिलेला असतो, लपवलेला नसतो. म्हणून गेस्टचाच लावा, घरचा नको.

नुसतीवाचक | रविवार, संध्याकाळी ६.४५

वाखुसा (वाचनखूण साठवली).

तारांबळ | रविवार, रात्री ९.२०

शरमेने सांगतेय. हसू नका.

प्लग जोडले गेले. सगळं जोडून झालं, मग आठवलं की दिवाणखान्यात जुना टॅबलेट आहे, फोटो दाखवत उभा असतो दिवसभर, चार्जरला लावलेला. तो यादीत लिहायचाच राहिला होता. सतरावा तो! संध्याकाळी त्याला नवीन पासवर्ड दिला, आणि आठच्या कॉलला परत समोरच्याचं तोंड मागे राहिलं. वायफायवरून काढला, कॉल गुळगुळीत. परत जोडला, परत तेच. मुलाने उघडून बघितलं तर मागच्या महिन्यात सासूबाईंनी त्याच्यावर सगळे जुने व्हिडिओ टाकून घेतले होते, ते तो पंधरा दिवस क्लाउडवर चढवत बसलाय. चढवतो, एका मोठ्या फाइलपाशी अडकतो, परत पहिल्यापासून चढवतो.

खटपट्या | रविवार, रात्री ९.३४

हसलो, माफ करा.

पण कारण बरोबर जुळतंय. बऱ्याच कनेक्शनला वर जायची वाट खाली यायच्या वाटेपेक्षा अरुंद असते. एकाने ती वाट भरून टाकली की राउटरपाशी रांग लागते आणि व्हिडिओ कॉलचे तुकडे त्या रांगेत उभे राहतात. स्पीड टेस्टला डाउनलोड चांगलाच दिसत असणार, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. राउटरमध्ये 'क्यूओएस' (कोणाला आधी वाट द्यायची ते ठरवायची सोय) असेल तर अपलोडला लगाम घालता येईल, नाहीतर बॅकअप बंदच करा किंवा ती अडकणारी फाइल काढून टाका.

घुबड | रविवार, रात्री ९.४०

आणि वरच्या मजल्यावरचा आरोपी?

तारांबळ | रविवार, रात्री ९.५८

निर्दोष सुटला. त्याच्याकडे जुना पासवर्ड होता तोही आता निकामी, गरीब बिचारा. गेस्टचा क्यूआर उद्या छापून देईन म्हणते, जिन्यात केलेल्या तोंडाची भरपाई. छापायचा मात्र हाताने काढावा लागेल असं दिसतंय, कारण प्रिंटर अजून जोडलेला नाही. त्याला ना कीबोर्ड ना टच, दोन बाण आणि एक ओके. २३ अक्षरं, कॅपिटल-स्मॉल सकट, एकेक अक्षर बाणाने निवडून. अकराव्या अक्षरापर्यंत गेले होते, मग चुकून बॅक दाबलं.

शेंडीवाला उंदीर | रविवार, रात्री १०.०१

@खटपट्या, ते बटणवालं दोन मिनिटांसाठी तरी चालू करू द्या हो त्यांना.